भोपळ्याखालची चुंबळ

बसवनगुडीतील आमच्या घराच्या दिवाणखान्यात, ऊन पोहोचणार नाही अशा एका कोपऱ्यात, दोन वाद्ये कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदत आहेत. एक मिरजेचा तंबोरा आणि दुसरी तंजावरी वीणा. तंबोरा आजोबांनी रेल्वेने मांडीवर घेऊन आणला. वीणा आईच्या शिक्षणासाठी मागविली गेली. नकाशावर पाहिले तर बंगळूर हे या दोन गावांच्या वाटेवरच पडते, आणि इतिहासात पाहिले तरी निराळे काही दिसत नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने हे शहर केम्पेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पदरच्या कवींची नावे जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'मुळे आपल्यापर्यंत पोहोचली. त्यांचेच पुत्र व्यंकोजीराजे येथून तंजावरास गेले आणि 1676 च्या सुमारास तेथे मराठ्यांचे राज्य सुरू झाले. मिरज पुढे पेशवाईत पटवर्धनांकडे आली. आमच्या कोपऱ्यातील दोन्ही वाद्यांची जन्मगावे अशी मराठी घराण्यांच्या छत्राखाली वाढलेली. बसवनगुडी या मानाने कालची. 1898 च्या प्लेगाने जुनी पेठ हादरली, त्या वेळी मोकळ्या हवेची वस्ती म्हणून ती आखली गेली. तिला नाव देणारा नंदी मात्र केम्पेगौडाच्या काळापासून टेकडीवर बसून आहे.

काही वर्षांपूर्वी या तंबोऱ्याच्या भोपळ्यावरचे पॉलिश धुरकट झाले. आमच्या भागात लाकूडसामानाला पॉलिश करणारा एक कसबी माणूस होता. त्याला बोलाविले. त्याने अंगणात लाकडी बाक मांडला, भोपळ्याभोवती गोणपाट गुंडाळले आणि दोन्ही बाजूंनी शिकंजा आवळला. खाली बसून पायात धरले तर सोपे जाईल, असे आईने सुचविले तेव्हा त्याने जीभ चावली. "सरस्वतीला पाय कसा लावू, अम्मा?" त्याच्या या उत्तरावर आम्हा कोणालाच बोलता आले नाही. काचकागद फिरू लागला. थोड्या वेळाने 'कट्' असा बारीकसा आवाज झाला आणि भोपळ्यावर चार बोटे लांबीची चीर पडली.

त्या माणसाला मी दोष देत नाही. टेबलाला जे चालते ते भोपळ्याला चालत नाही, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. आणि आम्हांलाही नव्हते. तंबोरा गोधडीत गुंडाळून रात्रीच्या गाडीने मिरजेस नेला. तेथील वृद्ध कारागिरांनी चीर पाहिली, मग भोपळा उजेडात फिरवून समोरासमोर उमटलेल्या दोन पुसट रेषांवरून बोट नेले आणि विचारले, "शिकंजात धरला होता ना?" नंतर ते उठले, पाय धुऊन, पुसून आले आणि जमिनीवर बसले. जुन्या लुगड्याची चुंबळ त्यांनी समोर ठेवली, तिच्यावर भोपळा टेकविला, दोन्ही पावले त्याच्या दोन अंगांना लावली आणि दांडी मांडीवर विसावू दिली. घासताना हाताचा जोर वाढला की भोपळा चुंबळीवर किंचित फिरे आणि तो जोर सोसून घेई. शिकंजा हे करीत नाही. तो प्रतिकार करतो, आणि मग दोघांपैकी जो दुबळा त्याला फुटावे लागते.

घासताना आणि रंगविताना वाद्याचे धड धरायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून राहिला. प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण वाद्य ही मोठी अडचणीची वस्तू आहे. ती पोकळ असते, गोलसर असते, तिची भिंत जितकी पातळ तितका नाद मोकळा; आणि तिचे सगळे अंग दर्शनी असल्यामुळे, धरायला म्हणून राखून ठेवता येईल अशी जागा तिच्यावर नसते. जेथे धरावे तेथे घासता येत नाही, आणि जेथे ओला रंग आहे तेथे धरता येत नाही. जगातल्या प्रत्येक वाद्यकाराला हा पेच सोडवावा लागला आहे.

आपल्या ग्रंथांत याचे उत्तर शोधू गेलो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातल्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचा दांडा खैराचा असावा, तीन हात लांब असावा, येथपासून भोपळ्याच्या मापापर्यंतचा तपशील आहे. वादकाने ती अंगाशी कशी धरावी हेही आहे. तंजावरचे तुळजाराजे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतसारामृत' लिहिले. राजाने स्वतः संगीतशास्त्र लिहावे, ही त्या घराण्याची मोठीच शोभा. परंतु हे ग्रंथ वादकाची बैठक सांगण्यासाठी लिहिलेले. सुताराची बैठक हा त्यांचा विषयच नव्हे. शास्त्रकार वाद्याला भेटतो तो ते पुरे झाल्यावर.

मग लक्ष दुसरीकडे वळवावे लागले. माझी अशी खात्री झाली आहे, की वाद्य कसे धरले जाते हे बव्हंशी त्याच्यावर चढणारे द्रव्य ठरविते. आपल्याकडील द्रव्य म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक अगदी लहान किडा ती तयार करतो. साफ करून तिची चपडी लाख होते आणि ती स्पिरिटात विरघळते. स्पिरिट पाहता पाहता उडून जाते, म्हणून कापसावर कापड गुंडाळून केलेल्या बोळ्याने एक पातळ हात फिरविला की थोड्याच वेळात तेथे बोट टेकविता येते. भोपळ्याची एक बाजू करावी, तोवर दुसऱ्या बाजूला धरावे. मग चुंबळीवर फिरवून उलट करावे. असे कितीतरी हात देता येतात. सबंध वाद्य एकाच वेळी ओले असण्याची वेळच येत नाही. लाख आणि चुंबळ यांची जोडी अशी जमते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात जे 'फ्रेंच पॉलिश' म्हणून गाजले ते याच हिंदुस्थानी लाखेचे. स्पेनमधील गिटार घडविणारे आजही उत्तम वाद्याला त्याच बोळ्याने हात देतात. आपली लाख परदेशी नाव घेऊन परत आली, आणि आमच्या घरच्या टेबलालाही 'फ्रेंच पॉलिश' झाले!

लाखेला दुसऱ्या रीतीनेही वागविता येते. बंगळुराहून म्हैसुराकडे जाताना चन्नपट्टण लागते. तेथे लाकूड चरकावर फिरते आणि रंगीत लाखेची कांडी त्याला टेकली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. शेवटी केवड्याच्या पानाने झळाळी आणतात. तेथे वस्तू धरण्याचा प्रश्नच उरत नाही, चरक ती धरून असतो. पण त्यासाठी वस्तू चरकावर चढण्याजोगी, सर्व बाजूंनी सारखी गोल हवी. खुंटीला ते चालेल, भोपळ्याला कसे चालावे?

इटलीतील क्रेमोनाच्या व्हायोलिनकारांचे वार्निश तेलाचे होते. ते वाळायला दिवसचे दिवस लागतात, म्हणून असे वाद्य टांगून ठेवावे लागते आणि उन्हाची वाट पाहावी लागते. 1708 च्या ऑगस्टमध्ये लिहिलेल्या एका पत्रात आन्तोनिओ स्ट्राडिव्हारीने वाद्य पाठविण्यास झालेल्या विलंबाबद्दल क्षमा मागितली आहे, आणि कारण दिले आहे ते भेगांवर द्याव्या लागलेल्या वार्निशचे. एवढा थोर कारागीर, पण त्यालाही वार्निशपायी गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागली. क्रेमोनाच्या वाद्यांत आणखी एक खूण सापडते. पाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी लाकडाची एकेक बारीक खुंटी असते. पाठ जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी ती ठोकलेली असे आणि नंतर कडेच्या नक्षीपट्टीखाली अर्धवट झाकली जाई. आज जाणकार वाद्याची परीक्षा करताना आधी ती खुंटी पाहतात.

हाच प्रकार आपल्या काळातल्या विजेच्या गिटारीत मोठ्या विस्ताराने घडला. 1950 पासून कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून ज्या गिटारी निघू लागल्या, त्यांचे धड म्हणजे भरीव लाकडाची फळी, आणि मान वेगळी करून स्क्रूने बसविलेली. मान वेगळी असल्यामुळे घडाईचे काम झपाट्याने होई, परंतु धड रंगविताना धरायचे कशाने, हा प्रश्न उभा राहिला. दांडीविना तंबोरा हाती द्यावा तसे ते! शिवाय रंग होता मोटारींसाठी निघालेला नायट्रोसेल्युलोजचा, यंत्राने फवारायचा. फवारलेल्या वस्तूला बोट लावून चालत नाही. म्हणून त्यांनी धडाच्या दर्शनी बाजूत, पुढे झाकल्या जाणाऱ्या जागी, चार बारीक खिळे ठोकले. फिरत्या पाटावर ठेवून रंग फवारला आणि मग धड उलटवून त्या खिळ्यांच्या पायांवर वाळत ठेवले. 1962 च्या सुमारास मानेच्या खाचेत एक पट्टी स्क्रूने बसविण्याची पद्धत आली. तिला धरून धड हवे तसे फिरविता येई. त्या पट्टीखाली जो भाग झाकला गेला तेथे रंग पोहोचला नाही. आज संग्राहक जुनी गिटार विकत घेताना मान उतरवून तो कोरा डाग पाहतात आणि खिळ्यांची भोके मोजतात. ज्या कामगाराने ते खिळे ठोकले त्याला आपण एक ऐतिहासिक पुरावा मागे ठेवीत आहो, असे स्वप्नातही वाटले नसेल. गिटारीचे वय आणि खरेपण आता त्या भोकांवरून ठरते, आणि त्यांवर मोठ्या रकमांचे व्यवहार होतात.

आता मिरजेकडे वळू. तेथे सतार-तंबोऱ्याचा धंदा रुजविला तो फरीदसाहेब शिकलगार यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, असे परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली. त्याच वेळी पटवर्धनांच्या दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करण्याला गावात कोणी नव्हते. ती या घराण्याकडे आली, आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडू लागली. तलवारीचे हात तंबोऱ्याला लागले, हे वाक्य पुष्कळदा अलंकारासारखे वापरले जाते. मला त्यात अलंकारापेक्षा अधिक काही दिसते. पाते झिलईला धरणे म्हणजे वक्र, निमुळत्या धातूवर सर्वत्र सारखा दाब राखणे. एके ठिकाणी दाब वाढला की तेथे खळगा पडतो आणि पाते वाया जाते. गोल भोपळ्यावर काचकागद फिरविताना हीच विद्या लागते. अर्थात हा माझा तर्क आहे.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कडू असतो आणि वेलीवरच कठीण होऊ दिलेला असतो. त्याचे तोंड कापून, भिजवून, आतले साफ करून, काटक्यांच्या आधाराने त्याला हवा तो आकार देतात. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. लाकूड घासायला आज काचकागद आहे. त्यापूर्वी खरवताच्या झाडाची खरखरीत पाने आपल्या देशात हे काम करीत. युरोपातले सुतार त्यासाठी मुशीसारख्या माशाचे कातडे वापरीत. खरवताचे पान हाताच्या वळणाप्रमाणे वळते, ठोकळ्याला गुंडाळलेला कागद वळत नाही. गोल वस्तू पायांत धरून घासणाऱ्याला हे पान का मानवले असेल, ते यावरून ध्यानात येईल.

याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. येथेच अब्दुल करीमखाँसाहेब स्थायिक झाले आणि 1937 मध्ये त्यांचा देह येथल्याच मातीत विसावला. म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांचा मोठा मान होता आणि त्यांच्या येण्याजाण्यामुळे मिरजेचा तंबोरा कर्नाटकात ऐकू आला. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. गवई म्हणून त्यांच्यावर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशानेही त्यांच्या या हातांवर लिहिले गेले नाही, याची मला खंत वाटते. जवारी काढणे हा तर पॉलिशचा अखेरचा आणि सर्वांत सूक्ष्म प्रकार. घोडीचा माथा कानसेने इतका अल्प घासायचा, की डोळ्यांना फरक दिसू नये आणि कानांना मात्र कळावा.

त्या घोडीचे मर्म शास्त्राच्या भाषेत सांगितले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. 1933 मध्ये ते बंगळुरास आले, पण त्याआधी, कलकत्त्यात असताना, 1921 च्या सुमारास त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला आणि या वाद्यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेतून असे स्वर निघतात, जे पाश्चात्त्य नियमाप्रमाणे निघू नयेत, हे दाखविले. त्याच काळात त्यांनी व्हायोलिन वाजविणारे एक यंत्रही केले होते. त्यात गज स्थिर असे आणि व्हायोलिनच पुढे-मागे सरके. त्यासाठी ते एका लाकडी पाळण्यात हलकेच धरलेले असे. 'हलकेच' हा शब्द महत्त्वाचा. आवळलेले वाद्य नीट बोलत नाही. नोबेल पारितोषिकाच्या वाटेवर असलेल्या शास्त्रज्ञालाही वाद्यासाठी शिकंजा नको होता, पाळणा हवा होता.

आमच्या कोपऱ्यातील वीणेची कथा थोडी निराळी. उत्तम तंजावरी वीणा फणसाच्या एकाच खोडातून कोरतात. तिला एकांड वीणा म्हणतात. कुंभ आणि दांडी एकजीव असल्यामुळे दांडी हीच मूठ होते, आणि कुंभ कोरणाराला धरण्याची पंचाईत पडत नाही. तंजावरच्या मराठी दरबाराच्या काळात तेथे व्हायोलिनही आले. दुसरे सरफोजीराजे (1798 ते 1832) यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यवृंद होता, आणि त्या दरबारात वावरलेल्या वडिवेलूने ते परके वाद्य दक्षिणी संगीतात रुजविण्यास मोठा हातभार लावला. युरोपात 1820 च्या सुमारास लुई श्पोरने हनुवटीचा आधार शोधून काढला. आपल्या वादकाने मांडी घालून वाद्याचे डोके सरळ पावलावर टेकविले आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले. गायनसमाजाच्या मैफलीत ही बैठक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या वादकाच्या पायाला कोणी अपमान मानला नाही.

घरात तंबोऱ्याला पाय लागला तर आम्ही मुले चटकन नमस्कार करीत असू. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागते. आमच्या पॉलिशवाल्याने जीभ चावली ती याच संस्कारातून, आणि तो संस्कार हीन आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या पायांच्या आधाराने ही सरस्वती घडते, त्या पायांविषयी आपण मौन धरतो. क्रेमोनाची खुंटी राहिली, फेंडरचे भोक राहिले, आणि त्यांच्या आधाराने तिकडे संशोधन उभे राहिले. मिरजेत धरणाऱ्याने वाद्यावर ओरखडाही ठेवला नाही. जितके काम निर्दोष, तितका पुरावा कमी. आमच्या तंबोऱ्याच्या आत चिठ्ठी नाही, साल नाही. कोणत्या दशकात तो घडला हे सांगण्याजोगे त्याच्या अंगावर काही नव्हते.

2013 मध्ये तंजावरी वीणेला आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले; गावाचे नाव आता कोणाला उचलता येणार नाही. परंतु कारागिराने कसे बसावे, पाऊल कोठे टेकवावे, भोपळा केव्हा फिरू द्यावा, हे कोणत्याही दाखल्यात मावणारे नाही, आणि जमिनीवर बसून दिवसभर काम करणारी माणसे कमी होत चालली आहेत. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला तर भोपळाच नसतो.

त्या वृद्ध कारागिरांना मी विचारले, ही बैठक आपण कोणापाशी शिकलात? त्यांना प्रश्नच कळला नाही. थोडे थांबून ते म्हणाले, "शिकायचे काय त्यात? वडील घाशीत, मी समोर बसून भोपळा धरीत असे. लहान होतो, पाय पुरत नसत. मग एक दिवस पुरायला लागले." पाय धुण्याचेही मी विचारले. मला वाटले होते, ते वाद्याविषयीचा आदर म्हणून धूत असावेत. "तेही आहे," ते म्हणाले, "पण पायाला वाळूचा एक कण असला तर पॉलिशवर रेघ उठते."

तबली उकलून त्यांनी चीर आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवून सांधली, बाहेरून भरून घासली आणि लाखेचे हात दिले. चीर आता शोधूनही सापडत नाही. शिकंजाच्या त्या दोन रेषा मात्र भोपळ्यात खोल गेल्या होत्या. त्या काढायच्या तर भिंत फार पातळ होईल म्हणून त्यांनी तशाच ठेवल्या. निघताना त्यांनी ती लुगड्याची चुंबळ आमच्या हाती दिली, गाडीत भोपळ्याखाली असू द्या म्हणाले. परत करायची राहून गेली. बसवनगुडीत तंबोरा आता तिच्यावरच बसतो.